'सौभद्र' पुन्हा करताना: एका कृष्णाच्या तालमीच्या नोंदी

२ जून २०२४

आज फोन आला. २००३ साली आमच्या हौशी संचाने 'सौभद्र' या संगीत नाटकाचे चौदा प्रयोग केले होते, पहिला भरत नाट्य मंदिरात. तेव्हा सुभद्रेची सखी कुसुमावती करणारी आता दिग्दर्शन करतेय आणि तिला कृष्ण हवाय. "तुझं सगळं पाठच असेल," ती म्हणाली. मीही फुशारकीने म्हटलं, "झोपेतून उठवलंस तरी म्हणेन." प्रयोग २५ ऑगस्टला, गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी. बारा आठवडे हातात. मला वाटलं, चार पुरतील.

नोंदी ठेवतोय, कारण ओळखीतले आणखी दोघं जुनं नाटक परत काढायच्या बेतात आहेत. त्यांचा वेळ वाचला तर वाचला.

५ जून

माळ्यावरून जुनी वही काढली. वाळवी नाही, पण स्टेपल गंजून मधली चार पानं सुटी झालेली. समासात पेन्सिलीने लिहिलेलं: 'इथे श्वास', 'पुढे ये', 'हिच्याकडे बघू नकोस, हसशील'. शेवटची सूचना कोणासाठी होती ते रुक्मिणी करणारीला माहीत होतं. ती आता नाशिकला असते.

सकाळी पाच ते सहा स्वगत म्हणून बघितलं. एकही शब्द अडला नाही. बायको चहा ठेवताना म्हणाली, "तीच चाल, तोच हेल. जुनी कॅसेट लावल्यासारखं वाटतंय." मी ते कौतुक समजलो.

९ जून

पहिलं वाचन, सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या हॉलमध्ये. मी संहिता हातात न घेता बसलो. ही पहिली चूक.

मूळ नाटक पाच अंकी. १८८२ साली त्याचे पहिले तीन अंक पुण्यात झाले, पुढचे दोन नंतरच्या वर्षी आले. पदं शंभरावर. रात्रभर बसणारा प्रेक्षक गेला, तेव्हा प्रत्येक संच आपापली कात्री चालवतो. २००३ ची आमची आवृत्ती पावणेतीन तासांची होती. आताचीही तेवढीच आहे, पण कात्री वेगळ्या ठिकाणी लागलीय. रुक्मिणीच्या प्रवेशात मी एका वाक्यावरून थेट पुढच्या पानावर उडी मारली, कारण २००३ साली मधला मजकूर नव्हताच. नवी रुक्मिणी, चोवीस वर्षांची मुलगी, तोंड उघडून बसली. तिची चार वाक्यं मी गिळली होती. सबंध वाचनात असं सहा वेळा झालं.

विसरलेलं पाठ करणं सोपं असतं. पाठ असलेलं विसरणं कसं करतात ते मला कुणी शिकवलेलं नाही.

११ जून

उपाय एक: जुनी वही कपाटात, कुलूप. नवी संहिता स्वतःच्या हाताने पूर्ण उतरवून काढायची, इतरांच्या वाक्यांसकट. दोनशे पानी वही, साडेतीन दिवस, बोटाला घट्टा. ज्या जागी जुनी उडी होती तिथे लाल रेघ. झेरॉक्सवर हायलाइटर फिरवून काही होत नाही. दोन दिवस तेही करून पाहिलं.

उपाय दोन: समोरच्याचं वाक्य संपल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. ऐकायला बावळट वाटेल, पण मी तेव्हा रुक्मिणीचं ऐकतच नव्हतो. तिच्या वाक्याच्या लांबीचा अंदाज घेऊन थांबत होतो, आणि लांबी जुन्या रुक्मिणीची होती.

१५ जून

आता पट्टी, म्हणजे गाण्याचा षड्ज (सा) पेटीच्या कुठल्या स्वरावर धरायचा ते. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, म्हणून सविस्तर.

एकतिसाव्या वर्षी मी काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी षड्ज धरून, गायचो. बावन्नाव्या वर्षीही काळी दोनच लावली, मानाचा प्रश्न म्हणून. 'नच सुंदरि करूं कोपा' निभावलं. 'प्रिये पहा' मात्र फसलं. ते देसकार रागात आहे आणि देसकाराचा सगळा संसार वरच्या अंगाला. धैवतावर (ध) जाऊन बसायचं, तिथून तारषड्ज (वरचा सा) घ्यायचा, परत धैवतावर यायचं. खाली उतरून दम खायला जागाच नाही. 'थंडगार वात सुटत' या ओळीला माझा आवाज कापला. एकदा नाही, आठ दिवसांत रोज.

मी खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, रियाज वाढवला. पहाटे पाऊण तास. हा सल्ला चांगला आहे, पण एकवीस वर्षांची बाकी दोन महिन्यांत फिटत नाही. सहाव्या दिवशी घसा बसला आणि चार दिवस बोलणंही बंद झालं. म्हणजे दहा दिवस पाण्यात.

२२ जून

ऑर्गनवाले काका अडुसष्ट वर्षांचे. त्यांनी आज न विचारता ऑर्गन काळी एकमध्ये भरायला सुरुवात केली. मी म्हटलं, "काका, काळी दोन." ते भाता मारत राहिले आणि म्हणाले, "म्हणून तर बघा." म्हटलं. धैवतावर बसता आलं. चार आवर्तनं बसलो.

काका म्हणाले, "देसकार काळी एकमध्ये घेतला की मला पण बरं. चार काळ्या आणि एक पांढरी चार. हात तिथल्या तिथे."

हे इतकं सोपं होतं. तीन आठवडे घालवले.

२३ जून

सोपं नव्हतं. आज तबलजी आला, सव्वीस वर्षांचा पोरगा. त्याने हिशोब मांडला, तो इथे देतो; कुणालाही उपयोगी पडेल.

रुक्मिणी आणि सुभद्रा दोघी काळी चारमध्ये गातात. मी काळी दोनमध्ये गात होतो तोवर एकच तबला पुरत होता: काळी दोनला लावलेला. माझ्यासाठी तो षड्ज, आणि काळी चारवाल्यांसाठी तोच पंचम (प). पुरुष काळी दोन आणि बाई काळी चार ही जोडी म्हणूनच सोयीची. मी काळी एकला उतरलो की हे गणित मोडतं. माझा षड्ज काळी एक. त्यांना पंचम काळी दोन हवाच. त्या दोघी काळी तीनला उतरल्या असत्या तर एका तबल्यात पुन्हा भागलं असतं, कारण काळी तीनचा पंचम काळी एकच. सुभद्रेने प्रयत्न केला. 'वद जाऊ कुणाला शरण' खाली जाऊन पुटपुटल्यासारखं झालं. माझ्या घशासाठी तिचं पद मारायचं? नाही.

पूर्वी सुभद्रा भाऊराव कोल्हटकर करत. नायक-नायिका दोघंही पुरुष, तेव्हा पट्टीचं हे भांडण त्यांना आमच्यासारखं पडलं नसावं.

"काका, मी गठ्ठे वर घेऊन बघू का?" तबलजीने विचारलं. गठ्ठे म्हणजे तबल्याच्या वादीखालचे लाकडी ठोकळे. त्याने तबला काळी एकला उतरवला. आवाज ओल्या पोत्यावर थाप मारल्यासारखा. पुन्हा वर चढवायला दर वेळी तीन-चार मिनिटं, आणि प्रवेश तर एकामागून एक. रद्द.

शेवटी काळी एकचा दुसरा तबला घेतला. ५,२०० रुपये, माझ्या खिशातून, कारण गरज माझी. दोन्ही तबले शेजारी मांडायचे, जो वापरात नाही त्यावर कापड, नाहीतर तो मध्येच गुणगुणतो.

३० जून

पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद. तालीम नाही. घरी पाठांतर.

७ जुलै

उभ्याची तालीम, म्हणजे हालचालींसकट. दिग्दर्शिका तीनदा ओरडली, "अरे, कुठे निघालास?"

२००३ मध्ये गळ्यात माइक नव्हते. रंगमंचाच्या पुढच्या कडेला तीन माइक असायचे, आणि पद आलं की गाणारा मुकाट त्यांच्यासमोर येऊन उभा राहायचा. आता प्रत्येकाच्या छातीवर छोटा माइक. पुढे यायचं काही कारण नाही. पण ऑर्गनवर पदाचा सूर भरला की माझे पाय आपोआप चालू लागतात. 'नच सुंदरि' हे रुसलेल्या रुक्मिणीची समजूत घालणारं पद. मी तिला मागे मंचकावर सोडून प्रेक्षकांची समजूत घालायला पुढे येत होतो.

"ती रागावलीय, आणि तू लोकांना सांगतोयस," दिग्दर्शिका म्हणाली. "तू २००३ चा प्रयोग करतोयस. आम्ही बाकीचे आत्ताचा करतोय."

वाईट वाटलं. घरी येताना अलका चौकात सिग्नल हिरवा होऊन गेला तरी मी उभाच.

उपाय म्हणून तिने माझ्या शेल्याचं टोक रुक्मिणीच्या हातात दिलं. 'कोपा' शब्दाशी ती ते धरते आणि पद संपेपर्यंत सोडत नाही. पुढे जायला लागलो की मान ओढली जाते. दोन तालमींत पाय गप्प झाले. पुढे हाच शेला प्रयोगातही ठेवला; बघणाऱ्याला ते रुसव्याचंच वाटतं.

१४ जुलै

त्याच पदात गुडघ्यावर बसायचं होतं. खाली गेलो. वर येताना मंचकाचा कठडा धरला आणि कठडा हातात आला. प्लायवूडचा होता. रुक्मिणीला हसू आवरेना, मलाही. आता गुडघा टेकत नाही, तिच्या पायाशी चौरंगावर बसतो. बसून गाताना पोट दाबलं जातं आणि श्वास अपुरा पडतो, म्हणून चौरंगाखाली दोन विटा घातल्या. विटा फुकट. कठडा ६५० रुपये.

१७ जुलै

शाब्बासकी मिळाली अशी एक गोष्टही लिहितो. 'नारी मज बहु असती, परि प्रीति तुजवरती' ही ओळ तरुणपणी मी ऐटीत म्हणायचो, मिशीला पीळ दिल्यासारखी. आज समोरची मुलगी खरंच मान वळवून बसली होती. 'बहु असती' म्हणताना मला ओशाळल्यासारखं झालं आणि आवाज आपसूक खाली आला. दिग्दर्शिकेने वहीत काहीतरी लिहिलं. विचारलं तर म्हणाली, "काही नाही. असंच ठेव."

२५ जुलै

रात्रीपासून धो धो. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. तालीम रद्द हे सांगायलाही नको. ऑर्गनवाले काका तळमजल्यावर राहतात, पण कर्वे रस्त्याच्या बाजूला. त्यांच्या घरात पाणी आलं नाही, दमट हवा मात्र आली. ते पुढे कळलं.

४ ऑगस्ट

ऑर्गन टेम्पोतून हॉलवर आणला. जाऊन-येऊन १,८०० रुपये आणि चार माणसं. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घ्या असं तीन जणांनी सुचवलं. काकांनी उत्तर दिलं नाही, झाकण उघडलं.

पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पट्ट्या शेजारच्या पट्टीला घासायला लागतात. कधी दाबलेली पट्टी वर येत नाही आणि सूर लागून राहतो. आज नेमकी पांढरी चार अडकली. काळी एकच्या हिशोबाने ती गंधार (ग).

संगीताच्या लोकांना पुढचं सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. देसकार आणि भूप या दोन रागांचे सूर तेच पाच. फरक वजनाचा: भूपात गंधाराला मान, देसकारात धैवताला. भूप संध्याकाळचा, देसकार सकाळचा. मी 'प्रिये पहा'मधलं 'रात्रीचा समय सरूनि येत उषःकाल हा' म्हणतोय आणि खालून गंधार अखंड वाजतोय. रुक्मिणीच्या महालात पहाट व्हायच्या ऐवजी पुन्हा दिवेलागण झाली. तबलजी तबल्यावर डोकं टेकून हसत होता.

काकांनी पट्टी उपसून काढली. दोन्ही कडांना बारीक सँडपेपर, चार हात, फार नाही. "जास्त घासलं तर उन्हाळ्यात खुळखुळतं," म्हणाले. मग भात्याजवळ आत साठ वॉटचा पिवळा दिवा रात्रभर लावून ठेवला, कापडाला न टेकता. आधी एकूण सात पट्ट्या अडखळत होत्या, सकाळी त्यातल्या दोनच उरल्या. त्या दोनही घासल्या. एकूण खर्च: दिवा आणि सँडपेपर मिळून ६० रुपये, आणि एक पूर्ण रविवार.

ऑर्गन पावसाळ्यात वापरणार असाल तर प्रयोगाआधी तीन आठवडे झाकण उघडून बघा. आम्ही तीनच आठवडे आधी उघडलं ते नशीब.

११ ऑगस्ट

नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू झालेत. आमचा हॉल तसा आत आहे, पण संध्याकाळी सात नंतर ढोल भिंतीतून येतो. सगळ्यांची लय नकळत चढते. पावणेतीन तासांचं नाटक दोन तास अठ्ठावीस मिनिटांत संपलं, एकही ओळ न गाळता! तालीम सकाळी आठवर आणली. त्यामुळे नोकरीवाल्यांपैकी बलराम दोन दिवस आलाच नाही.

१८ ऑगस्ट

रंगीत तालीम. ड्रेपरीवाल्याकडून पितांबर, शेला, किरीट, मोत्यांचा कंठा आला. माप मी फोनवर सांगितलं होतं. कंबरेचं माप सांगताना खोटं बोललो. पितांबर शिवलेलं, मागे हूक. हूक लागेना. विंगेत दोघांनी ओढून लावला आणि पहिल्या लांब तानेला तुटला. उरलेला अंक एका हाताने पाठीमागे पितांबर धरून केला. कुणीतरी म्हणालं, पोज छान होती. माप खरं सांगा. बदली पितांबराचे ४०० जादा.

दुसरं, कंठा. तो छातीवरच्या माइकवर घासतो आणि हॉलभर खडखड वाजतं, रव्यात खडे असल्यासारखी. ध्वनिवाल्याला मी उगाच सुनावलं; दोष माझ्या गळ्यातला होता. माफी मागितली. माइक किरीटाच्या आत, कपाळाच्या केसांच्या रेषेवर चिकटवला. घाम गळला की चिकटपट्टी सुटते, म्हणून खाली आधी स्पिरिटने पुसून घ्यायचं. हे त्यानेच शिकवलं, सुनावून घेतल्यावरही.

२५ ऑगस्ट

प्रयोग. तिसरी घंटा सहा मिनिटं उशिरा.

झालेल्या चुका क्रमाने. पहिल्या प्रवेशात एक जुनी उडी मारायला निघालो. 'आणि' एवढं तोंडातून बाहेर पडलं, लाल रेघ आठवली, थांबलो. प्रेक्षकांना तो विराम वाटला असावा. 'नच सुंदरि' ठीक. शेला दोनदा ताणला गेला. चौरंगावरून उठताना विटेचा आवाज आला.

'प्रिये पहा'आधी विंगेत पाणी प्यायलो. काकांनी काळी एक भरली. धैवत लागला. 'थंडगार वात सुटत' गेलं. तारषड्ज २००३ सारखा उडाला नाही. जरा अलीकडून, टेकून लागला. एक तान ठरवून गाळली. टाळ्या आल्या, वन्स मोअर नाही. तेव्हा चौदापैकी अकरा प्रयोगांत या पदाला वन्स मोअर होता. मी आकडा विसरलो नव्हतो, असं आत्ता लिहिताना दिसतंय.

वन्स मोअर आला तो सुभद्रेच्या 'वद जाऊ'ला. मी विंगेत होतो. तबलजीने पहिल्या वेळचीच लय धरली. दुसऱ्या खेपेला तिने शेवटची ओळ अगदी हळू घेतली आणि मागच्या रांगांमधली खोकल्याची साथ थांबली. माझ्या शेजारी दिग्दर्शिका कुसुमावतीची जुनी वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणत होती. मी कोपराने ढोसलं. ती दचकली.

"काय?" म्हणाली.

"२००३," मी म्हटलं.

२८ ऑगस्ट

माझा खाजगी हिशोब, कारण संचाचा हिशोब खजिनदार देतील: तबला ५,२००. कठडा ६५०. पितांबराचे जादा ४००. घशाचे डॉक्टर दोन भेटी १,४००. वह्या-पेनं १८०. रिक्षा धरलेली नाही. एकूण ७,८३०. मानधन नाही, नारळ मिळाला.

वेळ: पट्टीच्या हट्टात तीन आठवडे, पाठ असल्याच्या भ्रमात दोन.

तबलजीने काळी एकचा तबला परत आणून दिला. शाईच्या, म्हणजे तबल्यावरच्या काळ्या गोलाच्या, कडेला पावडरचा ठसा आहे, तो पुसायचा नाही असं त्याने बजावलं. ओलं फडकं लागलं तर शाई जाते. पुढचा प्रयोग दिवाळीनंतर. त्या वेळी तिथे जो ऑर्गन मिळेल त्याची पांढरी चार आधी बघून ठेवायला काकांना आजच सांगितलं. ते म्हणाले, "आणि तुम्ही कंबर."